फुटबॉलचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

मुलांनो, आपल्या रत्नागिरीत जून महिन्यात पाऊस सुरू झाला, की क्रिकेटची बॅट कोपऱ्यात जाते आणि फुटबॉल बाहेर निघतो. चिखलात घसरत, एकमेकांवर आदळत तुम्ही खेळता. चेंडू ज्याच्या पायाशी येतो, तो एकटाच गोलाच्या दिशेने धावत सुटतो. शेजारी मोकळा उभा असलेला सोबती हाका मारून थकतो. पण चेंडू काही त्याला मिळत नाही. खेळाडूंची ही सवय मोडण्यासाठी एका शिक्षकाने एक निराळीच युक्ती काढली होती. त्या शिक्षकाचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादला झाला. त्या काळी हैदराबाद हे निजामाचे संस्थान होते. आपल्या राज्यातील मराठवाडाही त्याच संस्थानात होता. तेथील उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून दिले जाई. रहीमसाहेब याच विद्यापीठात शिकले आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळले. पुढे ते शिक्षक झाले. काचीगुडा, चादरघाट अशा ठिकाणच्या शाळांत त्यांनी मुलांना शिकवले. नंतर शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन ते शाळेतील खेळांकडे लक्ष देऊ लागले. खेळाचा तास म्हणजे गणिताच्या किंवा विज्ञानाच्या सरांनी मागून घेण्याचा तास, असे पुष्कळ शाळांत समजले जाते. रहीमसाहेबांना हा तास इतर विषयांइतकाच मोलाचा वाटे.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे ते प्रशिक्षक झाले. त्या काळात भारतीय फुटबॉलवर कोलकात्याच्या संघांचा मोठा दरारा होता. हैदराबादच्या पोलिसांच्या अंगी ताकद होती, धावण्याचा दम होता. पण ज्याच्या पायाशी चेंडू, तोच राजा, अशी अनेकांच्या खेळाची रीत होती. रहीमसाहेबांनी त्यांना रागावून सुधारले नाही. आपण वर्गात एखादा धडा कच्चा राहिला तर त्याचा वेगळा सराव करून घेतो, तसे त्यांनी केले. त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, की ज्यांत चेंडू पायात खेळवत पुढे न्यायला मनाई होती. चेंडू आला, की लगेच सोबत्याला द्यायचा. मग काय, आजूबाजूला पाहणे भाग पडले! ज्या खेळाडूंचा डावा पाय कच्चा होता, त्यांच्यासाठी फक्त कच्च्या पायाने खेळण्याच्या स्पर्धा ठेवल्या. तुम्ही एकदा असे खेळून पाहा. पहिल्या दिवशी स्वतःचेच हसू येईल.

पहिल्याच वर्षी या मेहनतीला फळ आले. मुंबईला कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाची स्पर्धा होत असे. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा फार मानाची होती. १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाने हा चषक जिंकला आणि १९५४ पर्यंत, सलग पाच वर्षे, तो दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिला नाही.

रहीमसाहेबांची नजर फक्त तयार खेळाडूंवर नव्हती. सिकंदराबादजवळच्या एका गरीब घरातला तुलसीदास बलराम हा मुलगा चांगला खेळतो, हे त्यांनी हेरले. सरावाचे मैदान त्याच्या घरापासून लांब होते. तेव्हा सायकल भाड्याने घेण्यासाठी रहीमसाहेब त्याला पैसे देत. हाच बलराम पुढे भारताचा नामवंत खेळाडू झाला.

भारताच्या संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. एवढ्या मोठ्या पराभवानंतर एखादा माणूस खचला असता. रहीमसाहेब पुन्हा कामाला लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने त्या सामन्यात तीन गोल केले. भारत त्या वेळी चौथा आला.

आता १९६२ सालच्या जकार्ताला चला. तेथे चौथ्या आशियाई स्पर्धा भरल्या होत्या. रहीमसाहेबांना फुप्फुसाच्या कर्करोगाने गाठले होते. त्यांना सिगारेटचे फार व्यसन होते. खेळाडूंचे इतके दोष दूर करणाऱ्या या मास्तरांना स्वतःची ही सवय मात्र सोडता आली नाही, याचे वाईट वाटते.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. थायलंडविरुद्ध भारत जिंकला, पण बचावफळीतला भक्कम खेळाडू जर्नैलसिंग याच्या डोक्याला मोठी जखम झाली. टाके घातलेला खेळाडू बचावात कसा उभा करायचा? आणि त्याला बाहेर तरी कसे बसवायचे? रहीमसाहेबांनी धाडस केले. त्यांनी त्याला चक्क आघाडीला खेळवले! उपांत्य सामन्यात जर्नैलसिंगने गोल केला आणि दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला.

४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरिया समोर आला. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नव्हते. त्यावर भारताच्या सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे तेथील लोक भारतावर चिडले होते. मैदानात सुमारे एक लाख प्रेक्षक आणि ते जवळजवळ सगळे विरोधात! आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंकडे एकच भेट मागितली होती, ती म्हणजे सुवर्णपदक. पी. के. बॅनर्जी याने पहिला गोल केला. दुसरा गोल जर्नैलसिंगने केला, डोक्याला पट्टी असताना. कोरियाने शेवटी एक गोल फेडला, पण सामना भारताने २-१ असा जिंकला.

आजारी मास्तरांना त्यांची भेट मिळाली. त्यानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेबांचे निधन झाले. १९६२ नंतर २०२३ पर्यंत झालेल्या एकाही आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळाले नाही.