हृदयाचे प्रतिध्वनी टिपणारा डॉक्टर

छाती न उघडता हृदयाच्या झडपेतील दोष कसा ओळखावा, हा पेच स्वीडनमधील लुंड येथील डॉ. इंगे एडलर (१९११-२००१) यांच्यापुढे होता. त्यांचे सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी माल्मोच्या जहाज कारखान्यातील, धातूचे दोष शोधणारे श्राव्यातीत ध्वनिलहरींचे यंत्र स्वतःच्याच छातीला लावून पाहिले. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी नोंदवले. हृदयाभोवती साचलेले पाणीही या तंत्राने ओळखता येऊ लागले. १९७७ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबणे १० सेकंदांहून अधिक थांबवायचे नसते. नाडी तपासण्याच्या तेवढ्याच उसंतीत आज डॉक्टर सोनोग्राफीने हे पाणी शोधतात. ते तातडीने काढल्यास थांबलेले हृदय पुन्हा सुरू होऊ शकते. एडलर यांच्या संशोधनाचे मोल त्या १० सेकंदांत कळते.