आकाशवेडे जेआरडी

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा उद्योगपती म्हणून सर्वज्ञात आहेत. तथापि, त्यांचे मन आयुष्यभर रमले ते छोट्या विमानांत. या वेडाने त्यांना जसे भरभरून दिले, तसेच त्यांच्याकडून बरेच काही हिरावूनही घेतले.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे त्यांचा जन्म झाला. वडील पारशी, तर आई फ्रेंच. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हार्देलो या गावी कुटुंबाचे उन्हाळ्यात वास्तव्य असे. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरिओ हे तेथील शेजारी. त्यामुळे उड्डाणाची ओढ लहानपणीच रुजली. पंधराव्या वर्षी विमानातून पहिली फेरी घडली. शिकण्यासाठी मात्र आणखी नऊ-दहा वर्षे थांबावे लागले. मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू होताच त्यांनी नाव नोंदविले. अवघ्या साडेतीन तासांच्या शिक्षणानंतर ते एकटे आकाशात झेपावले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हाती भारतातील पहिल्या क्रमांकाचा परवाना पडला.

१९२९ मध्ये भारत आणि इंग्लंड यांदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले. जेआरडी कराचीहून निघाले. इजिप्तमधील अबुकीर येथे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकून पडलेले दिसले. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. अस्पी जिंकले आणि पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जेआरडींचे पुस मॉथ विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरले. सोबत ना रेडिओ, ना मार्गदर्शक दिवे. पावसाळ्यात जुहूला चिखल होई, म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागे. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

आकाशाने किंमतही वसूल केली. धाकटा भाऊ जिमी १९३६ मध्ये विमान अपघातात दगावला. टपालसेवेची मूळ कल्पना मांडणारे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट १९४२ मध्ये, युद्धकाळातील विमानप्रवासात मृत्युमुखी पडले. १९५३ मध्ये विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले, तर १९७८ मध्ये एअर इंडियाचे अध्यक्षपदही गेले.

तरीही उड्डाणाची आस मावळली नाही. १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई हाच मार्ग लेपर्ड मॉथ या छोट्या विमानातून पुन्हा पार केला. नव्या पिढीत साहसाची ऊर्मी जागी व्हावी, हा त्यामागील हेतू होता. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हातून निसटलेली एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे परत आली. हा दिवस पाहण्यास मात्र जेआरडी नव्हते.