मजूरमंत्री बाबासाहेब : कामगाराच्या नोंदीचा लढा

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या वसतिगृहातील मुलांना मुखोद्गत असते. महूचा जन्म, परदेशातील अध्ययन, महाड, पुणे करार, संविधान, दीक्षाभूमी. या क्रमात १९४२ ते १९४६ ही मजूरमंत्रिपदाची वर्षे बहुधा एका वाक्यात आटोपतात. या लेखात आम्ही त्या वर्षांविषयी, आणि बाबासाहेबांना तेथवर नेणाऱ्या वाटेविषयी लिहीत आहोत.

ही वाट महार वतनापासून सुरू होते. नाव वतनदाराचे, काम अहोरात्र राबण्याचे. सरकारी चाकरीला तासांची मर्यादा नाही. यादीतला माणूस हजर नसेल तर घरातील दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणजे इनामी जमिनीचा तुकडा, सरकारकडून मिळणारी नाममात्र रक्कम आणि रयतेच्या मर्जीवरचे बलुते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडले. काम निश्चित असावे आणि वेतनही निश्चित असावे, हा त्याचा गाभा होता. पुढे ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी स्त्री कामगारांच्या प्रसूती भत्त्याच्या विधेयकालाही त्यांनी पाठिंबा दिला.

गाव सोडून मुंबईत आलेल्या आपल्या माणसांची नोंदही जातीनेच केली. परळच्या चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या बाबासाहेबांना गिरणीचे जग ऐकीव नव्हते. अधिक मजुरीचे काम साचाखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात असे. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे; विटाळाच्या भयाने तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. १९२८ च्या गिरणी संपात ही बंदी उठवण्याची मागणी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने ठेवली. रेल्वेत निराळी तऱ्हा नव्हती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी हीच व्यथा मांडली. गँगमन म्हणून लागलेला माणूस गँगमन म्हणूनच निवृत्त होई. साधा पोर्टरही त्याला होता येत नसे, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत.

१९३६ मध्ये स्थापलेला स्वतंत्र मजूर पक्ष या अनुभवांतून उभा राहिला. संपाचा हक्क आकसणाऱ्या औद्योगिक विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या संपात हा पक्ष इतर कामगार संघटनांच्या बरोबरीने उतरला.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. जयंतीच्या भाषणांत नेहमी ऐकू येते की त्यांनी कामाचे तास चौदावरून आठ केले. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला येथे थोडे थांबावे लागते. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातलेलीच होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ वर आली. आठवड्यातले सहा तास मजुराच्या पदरात पडले. ही गोष्ट लहान नाही, तिला फुगवण्याची गरज नाही. त्याआधी १९४५ च्या दुरुस्तीने वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. रजा घेतली की मजुरी बुडाली, हे ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना या दहा दिवसांचे मोल सांगायला नको.

एक कटू प्रसंगही आम्ही वगळू इच्छित नाही. युद्धकाळात कोळशाची टंचाई पडली, तेव्हा १९४३ मध्ये खाणींत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावरची बंदी सरकारने उठवली. त्या निर्णयाचे समर्थन सभागृहात मजूरमंत्र्यांनाच करावे लागले, आणि टीकाही सोसावी लागली. त्या डिसेंबरात ते धनबादच्या खाणींची पाहणी करण्यास गेले व स्वतः खाणीत उतरले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

आमच्या मते या कारकिर्दीतील सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे एप्रिल १९४६ चा औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेच्या मालकाने नोकरीच्या अटी लेखी स्वरूपात प्रमाणित करून घ्याव्यात, असे त्याने ठरवले. त्या अटींच्या यादीतील पहिलीच बाब होती कामगारांचे वर्गीकरण : कायम, तात्पुरता, उमेदवार, परिवीक्षाधीन की बदली. त्यापाठोपाठ कामाच्या वेळा, पगार, रजा, कामावरून कमी करणे आणि दाद मागण्याची रीत. ज्याची नोंद आजवर मुकादमाच्या तोंडी शब्दावर होती, त्याला कागद मिळाला. आपल्या पालकांपैकी जे वर्षानुवर्षे रोजंदारीवर वा कंत्राटावर झाडू मारीत आहेत, त्यांनी २०२५ पर्यंत लागू असलेला हा कायदा कोणाकडून तरी वाचून घ्यावा, आणि वाचून दाखवणारा आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी असावा.

त्याच महिन्यात बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. जूनअखेर कार्यकारी मंडळ पायउतार झाले. त्या विधेयकाचा कायदा १९४८ मध्ये झाला. वतनाला मात्र आणखी वाट पाहावी लागली. ते नष्ट करणारा कायदा मुंबई राज्याने १९५८ मध्ये केला, तेव्हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला एक वर्ष उलटून गेले होते.