शाहू महाराज आणि पंचगंगेचा घाट

स्मरणिकेसाठी लिहा असा समितीचा आग्रह झाला, आणि कोल्हापूरकराला दुसरा विषय तो कोणता सुचणार! निमित्त मात्र ऑफिसातल्या एका कन्नड सहकाऱ्याचे. जेवताना आरक्षणावर वाद रंगला. त्याचे म्हणणे, हे आमच्या म्हैसूर संस्थानाने सुरू केले. माझे म्हणणे, कोल्हापूरने. रात्री पुस्तके काढून बसलो.

कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, शाहू झाले आणि १८९४ मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांच्या हाती कारभार आला. तेव्हा दरबारच्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या.

ठिणगी पडली ती पंचगंगेच्या घाटावर. १८९९ च्या कार्तिकात महाराज पहाटे स्नानाला जात. भटजी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणत आहेत हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी ध्यानात आणून दिले. भागवत स्वतः ब्राह्मण, हे विसरू नये. भटजींनी कारण सांगितले की महाराज शूद्र, त्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही. शिवछत्रपतींच्या वंशाची गादी, आणि तिच्या धन्याला हे ऐकावे लागले! मंत्र कुठले म्हटले यात एवढे काय, असे आज वाटेल. पण राजाची ही गत, तर रयतेची काय असेल?

राजोपाध्ये नकारावर अडून राहिले, तेव्हा १९०२ मध्ये महाराजांनी त्यांची इनामे जप्त केली. राजोपाध्यांनी थेट व्हाइसरॉय कर्झनपर्यंत दाद मागितली, ती लागली नाही. त्याच वर्षी महाराज विलायतेत असताना, २६ जुलैला, करवीरच्या गॅझेटात हुकूम निघाला : यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. नुसत्या हुकमाने कारकून तयार होत नाहीत, म्हणून वसतिगृहे निघाली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला.

पुढचे लिहिताना हात जरा अडखळतो. उत्सव सार्वजनिक करणाऱ्या लोकमान्यांनी या वादात १९०१ साली केसरीतून महाराजांच्या विरुद्ध बाजू घेतली. हेच टिळक १८८२ मध्ये आगरकरांसह, आधीच्या छत्रपतींच्या छळाविरुद्ध लिहिल्याबद्दल, १०१ दिवस तुरुंगात होते. दोघेही मला प्रिय, पण वेदोक्तात टिळक चुकले असे माझे मत आहे. महाराजांचेही सारेच पटते असे नाही. १९२० साली त्यांनी मराठ्यांसाठी स्वतंत्र क्षात्र जगद्गुरू नेमले. सरकारने धर्मगुरू नेमावा का, हा प्रश्न मला आजही सुटत नाही. त्याच वर्षी माणगावच्या परिषदेत तरुण आंबेडकरांच्या पाठीशी ते उभे राहिले, ते मात्र निःसंशय मोठे.

६ मे १९२२ रोजी, अवघ्या ४७ व्या वर्षी, महाराज मुंबईत वारले.

राहिले म्हैसूर. तिथे नाल्वडी कृष्णराज वडेयरांनी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली. दिवाण विश्वेश्वरय्यांना ते धोरण पटले नाही, त्यांनी पद सोडले. समितीच्या शिफारशींवर हुकूम निघाला १९२१ मध्ये. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यापुढे तारखा मांडल्या. त्याने १९०२ मान्य केले. आता कार्तिकात पंचगंगेचा घाट बघायला येतो म्हणतो आहे. तांबड्या रश्श्याची जबाबदारी मी घेतली आहे.