मंडईचा कारभार आणि महात्मा जोतीराव फुले

आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळ कुटुंबे वांगणी, बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथील बाजारपेठांशी या ना त्या नात्याने जोडलेली आहेत. कोणाचे स्टेशनाजवळ दुकान आहे, कोणी भाजीपाला विकतो, तर कोणी नित्याचा गिऱ्हाईक आहे. बाजाराची झाडलोट, दिवाबत्ती, पाणी, गटारे व ओटे यांचा खर्च कोणी सोसावा आणि त्याविषयीचा निर्णय कोणी करावा, हा प्रश्न म्हणूनच आपणा सर्वांच्या घरचा आहे. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी पुणे शहरात हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्यावर निर्भय भूमिका घेतली. समाजसुधारक म्हणून जोतीरावांचे चरित्र सर्वांस ठाऊक आहे. परंतु नगरपालिकेचे सभासद म्हणून त्यांनी केलेली कामगिरी फारशी सांगितली जात नाही. म्हणून विशेषतः तो भाग येथे सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. वडील गोविंदराव यांचा पुण्यात फुलांचा व भाजीपाल्याचा व्यवसाय होता. आई चिमणाबाई जोतीरावांच्या बालपणीच निवर्तल्या. प्राथमिक शिक्षणानंतर मुलाची शाळा सुटली व तो मळ्यात राबू लागला. पण शेजारच्या सज्जनांनी गोविंदरावांची समजूत घातल्याने १८४१ साली तो पुन्हा शाळेत गेला. मळ्यातून निघालेला माल बाजारात कोणत्या भावाने जातो व कष्टकऱ्याच्या पदरी काय पडते, याचे ज्ञान जोतीरावांस पुस्तकांतून मिळवावे लागले नाही. ते त्यांना घरातच मिळाले.

१८४८ साली त्यांनी मुलींसाठी शाळा काढली व पत्नी सावित्रीबाई यांनी तेथे अध्यापनाचे कार्य केले. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला व १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली. या कार्यात गुंतलेले असता चरितार्थासाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत. पूना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्यामुळे दगड, चुना, मजुरी व मक्ता यांचा हिशेब ते उत्तम जाणत. सार्वजनिक बांधकामाच्या खर्चाविषयी ते बोलत, तेव्हा त्या बोलण्यास अनुभवाचा आधार असे.

१८७६ साली सरकारने त्यांची पुणे नगरपालिकेवर सभासद म्हणून नेमणूक केली व १८८२ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्या मर्जीस जपावे, अशी तेव्हाची रीत होती. जोतीरावांनी ती मानली नाही. गव्हर्नर जनरलांच्या पुणे भेटीच्या वेळी स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत दिले. रयतेचा पैसा शोभेसाठी न उधळता गोरगरिबांच्या शिक्षणास लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी त्याविरुद्धही नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली.

आता मंडईकडे वळू. त्या काळी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील उघड्या मैदानात भरे. उन्हापावसात माल खराब होई व घाण साचे. बंदिस्त मंडई असावी, ही नगरपालिकेची इच्छा गैर नव्हती, हे आम्ही मोकळेपणाने नमूद करितो. परंतु इमारतीचा खर्च सुमारे तीन लाख रुपये होता. जोतीरावांनी व हरि रावजी चिपळूणकर यांनी या खर्चास विरोध केला. प्राथमिक शिक्षण पैशाअभावी अडले असता एवढी रक्कम दगडविटांत घालणे जोतीरावांस मान्य नव्हते.

हा पैसा येत होता कोठून, हेही पाहिले पाहिजे. नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा भाग जकातीचा असे. खेड्यातील शेतकरी भाजीची गाडी घेऊन शहराच्या वेशीशी आला की आधी जकात भरी, मग दलालाच्या हाती सापडे. ही दैना जोतीरावांनी १८८३ साली पुरी केलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात वर्णिली आहे. शहराच्या सोयींचा भार वेशीबाहेरच्या शेतकऱ्यावर पडे. परंतु नगरपालिकेच्या सभेत त्यास जागा नव्हती. आमच्या मते या वादाचे खरे मर्म येथेच आहे.

विरोध बाजूस सारून मंडई उभी राहिली. १८८६ साली ती सुरू झाली व तीस गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. जुनी जागा सोडून नव्या इमारतीत जाण्यास विक्रेतेही सहजासहजी राजी नव्हते. १८८८ साली मुंबईच्या जनतेने जोतीरावांस महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी त्यांस पक्षाघाताचा झटका आला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने मंडईस महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्या वास्तूच्या खर्चास त्यांनी विरोध केला, तीच आज त्यांचे नाव धारण करून उभी आहे व पुणेकरांच्या उपयोगीही पडते आहे.

दरम्यान जग पुष्कळ पुढे गेले आहे. कॅनडातील टोरांटो शहरी ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेतील व्यापाऱ्यांसाठी १९७० साली एक नवी योजना सुरू झाली. पेठेच्या सुधारणेकरिता व्यापाऱ्यांनी स्वतःवर जादा पट्टी बसवून घ्यावी, नगरपालिकेने ती वसूल करावी आणि पेठेतील लोकांच्या मंडळाने तिचा विनियोग करावा, अशी ती व्यवस्था. पुढे अनेक देशांनी ती उचलली. आपल्या देशात जकात आता राहिलेली नाही. तथापि बाजार फी आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यान्वये शहरांतील पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांचे प्रतिनिधी असले पाहिजेत व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. पैसा देणाऱ्यास विचारावे, हे तत्त्व अशा रीतीने कायद्यात आले आहे.

मात्र कायदा कागदावर राहून चालत नाही. आपल्या परिसरात बाजाराच्या सुधारणेची योजना निघेल, तेव्हा पैसा कोण देणार, सोय कोणाची होणार व हिशेब कोण तपासणार, हे तीन प्रश्न आपल्या सभासद बंधुभगिनींनी अवश्य विचारावेत. बाहेरगावाहून टोपली घेऊन येणाऱ्या भगिनीची बाजूही त्या सभेत मांडली जावी. प्रसंगी एकट्याचेच मत पडले तरी हरकत नाही. जोतीरावांचेही एकट्याचेच पडले होते.