आधी निकाल, मग खटला

बाईचा खून झाला की पहिलं बोट नवऱ्याकडे जातं. महिला मंडळाच्या कामात माझंही मन आधी तिकडेच धावतं, आणि पुष्कळदा ते चुकतही नाही. म्हणूनच डॉ. सॅम शेपर्डची कहाणी वाचल्यावर मला दोन दिवस चैन पडलं नाही.

सॅम १९२३ साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडला जन्मला. वडील डॉक्टर, दोघे थोरले भाऊ डॉक्टर, हॉस्पिटलही घरचंच. शाळेपासूनची मैत्रीण मेरिलिन, तिच्याशी १९४५ मध्ये लग्न. एरी सरोवराच्या काठावर घर, एक मुलगा. बघणाऱ्याला हेवा वाटावा असा संसार!

४ जुलै १९५४ च्या पहाटे मेरिलिनचा झोपायच्या खोलीत डोक्यावर घाव घालून खून झाला. तिला चौथा महिना होता हो. सॅमचं म्हणणं असं, की खाली दिवाणावर डोळा लागला होता, तिच्या ओरडण्याने वर धावलो, तर कुणीतरी मारून पाडलं.

गावातल्या पेपरांना ते पटलं नाही. याला अजून अटक का नाही, असं पहिल्या पानावर विचारलं जाऊ लागलं. शाळेच्या जिममध्ये लोकांसमोर चौकशी झाली. त्यात हॉस्पिटलमधल्या एका तरुणीशी संबंध असल्याचं त्याने साफ नाकारलं आणि ते खोटं निघालं. झालं! बाहेरख्याली आणि वर खोटारडा, मग खुनी तोच. खरं सांगते, त्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

तिकडे निवाडा ज्युरी करते, म्हणजे तुमच्याआमच्यासारखी बारा माणसं. इथे सात पुरुष, पाच बायका. निवड होण्याआधीच संभाव्य ज्युरींची नावं पत्त्यांसकट पेपरात छापून आली. त्यांना निनावी पत्रं आली, फोन आले. एक सोडून सगळ्यांनी प्रकरणाबद्दल आधीच वाचलं-ऐकलं होतं. खटला चालू असताना पेपर वाचू नका अशी सक्त ताकीदही नाही. निकालाचा विचार चालू असताना त्यांना घरी फोन करू दिले, बोलण्यावर कुणाचं लक्ष नव्हतं. शिवाय न्यायाधीश स्वतः निवडणुकीला उभे! डिसेंबर १९५४ मध्ये सॅमला जन्मठेप झाली.

दोन-तीन आठवड्यांत त्याच्या आईने स्वतःवर गोळी झाडली. पुढच्या अकरा दिवसांत वडीलही गेले. मुलाला काकांनी सांभाळलं.

सॅम जवळजवळ दहा वर्षं तुरुंगात होता. राज्याच्या न्यायालयांनी अपिलं फेटाळली. पहिला वकील वारला, मग एफ. ली बेली हा तरुण वकील उभा राहिला. १९६४ मध्ये सॅम बाहेर आला आणि ६ जून १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी पहिली शिक्षा रद्द ठरवली. तो निर्दोष आहे, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही बरं का. या बातम्यांच्या गदारोळापासून ज्युरीला दूर ठेवणं हे न्यायाधीशांचं काम होतं, ते त्यांनी केलं नाही, म्हणून वाजवी मुदतीत खटला पुन्हा चालवा नाहीतर त्याला सोडा, एवढंच. पुन्हा खटला चालला तेव्हा वार्ताहरांना लगाम घातला गेला आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये नव्या ज्युरीने त्याला सोडलं.

(आपल्याकडेही १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्युरी होती. तिथे उलटं झालं. पेपरवाल्यांची सहानुभूती आरोपीकडे, आणि ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं. पुढे हायकोर्टाने ते फिरवून जन्मठेप दिली.)

सुटला, पण सावरला नाही. दारू वाढली. पुन्हा डॉक्टरकी सुरू केली, तिथे रुग्ण दगावल्याचे दावे लागले. दुसरं लग्नही मोडलं. पोटासाठी कुस्तीच्या आखाड्यात उतरला आणि तिथे त्याला ‘किलर’ म्हणजे खुनी याच नावाने पुकारायचे. १९७० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी तो गेला.

मुलाने वडिलांच्या नावासाठी सरकारवर दावा लावला. २००० साली त्या ज्युरीने, निर्दोषपणा सिद्ध झालेला नाही, असं सांगितलं. आणि मेरिलिनच्या खुनासाठी सॅमनंतर दुसऱ्या कुणावरही कधी खटला चालला नाही.