बाबासाहेब आणि बाईचा संततिनियमनाचा हक्क : १९३८च्या ठरावापासून आजच्या इंजेक्शनपर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. जयंतीच्या भाषणांतही याच टप्प्यांची उजळणी होते. बाबासाहेबांच्या आयुष्यातला आणखी एक लढा मात्र आपल्या व्यासपीठांवर क्वचितच सांगितला जातो. मूल कधी व्हावे, किती व्हावीत आणि नको असेल तर ते टाळण्याचे साधन कुठे मिळावे, हे ठरवण्याचा अधिकार बाईला मिळावा, यासाठीचा तो लढा होता.

आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारे तीन महिन्यांचे गर्भनिरोधक इंजेक्शन आपल्या वस्त्यांतल्या भगिनीही घेतात. ते घेताना काय विचारायचे आणि कोणती काळजी घ्यायची, याची चर्चा मात्र दबक्या आवाजातच होते. म्हणून बाबासाहेबांच्या जीवनाचा हा भाग आम्ही आज मुद्दाम मांडत आहोत.

भीमाई आणि रमाई

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी आणि भीमाई यांचे चौदावे अपत्य. या चौदांपैकी मोजकीच मुले जगली. सततची बाळंतपणे आणि लेकरांचे मृत्यू सोसलेल्या भीमाई १८९६ मध्ये साताऱ्यात गेल्या, तेव्हा भीमराव जेमतेम पाच वर्षांचे होते. पुढे आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले.

१९०६ मध्ये रमाईंशी विवाह झाला. १९१२ मध्ये यशवंत जन्मले. त्यानंतरच्या वर्षांत बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकत असताना रमाईंनी मुंबईत अत्यंत हलाखीत संसार रेटला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे या दांपत्याने गमावली. राजरत्न १९२६ च्या जुलै महिन्यात गेला. त्या दुःखात बाबासाहेबांनी आपले सहकारी दत्तोबा पवार यांना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. चार मुले पुरलेल्या बापाचे मन त्यात दिसते. खंगलेल्या प्रकृतीच्या रमाई २७ मे १९३५ रोजी राजगृहात गेल्या.

बाबासाहेबांनी संततिनियमनाची बाजू घेतली ती केवळ अर्थशास्त्राचे पदवीधर म्हणून घेतली, असे आम्हाला वाटत नाही. आई आणि पत्नी, दोघींच्या आयुष्यात त्यांनी हा प्रश्न घरातच पाहिला होता.

विधिमंडळात आणि न्यायालयात

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले. बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे आणि त्याच्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

त्याच काळात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे एकाकी झुंज देत होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या मतांपायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत. या मासिकावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी. वाचकांनी लैंगिक आरोग्याविषयी प्रश्न विचारले आणि संपादकाने शास्त्राच्या आधारे उत्तरे दिली, तर त्यात अश्लील काय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. बाबासाहेब तेव्हा देशपातळीवरचे नेते होते. अशा बदनाम विषयापासून दूर राहणे त्यांना सहज शक्य होते, तरी ते न्यायालयात उभे राहिले.

१९३८चा ठराव

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार निवडून आले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी या पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत एक अशासकीय ठराव आला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी लोकांना पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी त्याची मागणी होती. ठरावामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. त्या दिवशी ते स्वतः सभागृहात नसल्याने पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी ते मांडले.

त्या भाषणात गरिबी, कुपोषण, बालमृत्यू आणि बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रिया, यांचा विचार आहे. संयम पाळा म्हणजे झाले, असा उपदेश तेव्हा मोठमोठे नेते करत होते. महात्मा गांधीही कृत्रिम साधनांच्या विरोधात होते. बाबासाहेबांना हा उपदेश पुरेसा वाटत नव्हता. प्रसूतीच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मुलांना कुणीच तयार झाला नसता, अशा आशयाचा टोलाही भाषणात आहे. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा, की कोणत्याही कारणाने बाईला मूल नको असेल, तर गर्भधारणा टाळणे तिला शक्य असले पाहिजे आणि हा निर्णय सर्वस्वी तिचा असला पाहिजे. ठराव फेटाळला गेला.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला झालेल्या दलित महिला परिषदेत हजारो भगिनींसमोर बाबासाहेब बोलले. मुलींची लग्ने घाईने करू नका, फार मुले होऊ देऊ नका आणि नवऱ्याची गुलाम न होता बरोबरीच्या नात्याने राहा, हा त्यांचा सल्ला होता. त्यानंतर व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभात त्यांनी सुधारणा केली. हिंदू कोड बिल अडवले गेल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

सोय आली, निर्णय कुणाचा?

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. ठरावातली सोयींची मागणी अशी पुढे आली. पण निर्णय बाईचा, हा भाग अनेकदा मागे पडला. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीचा घाला गोरगरिबांवर पडला. गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांमध्ये बायकांना पुरेशी माहिती दिली जात नाही, म्हणून हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेसह स्त्रीवादी कार्यकर्त्या १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. या इतिहासामुळे इंजेक्शनाविषयी आपल्या वस्त्यांत शंका असेल, तर ती चुकीची म्हणता येत नाही. त्यावर उपाय पूर्ण माहितीचा आहे.

२०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने हे इंजेक्शन सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते. त्यात डीएमपीए हे संप्रेरक असते. ते मुख्यतः अंडाशयातून बीज बाहेर पडणे थांबवते. दर तीन महिन्यांनी वेळेवर घेतले तर ते अतिशय परिणामकारक आहे. ते घेणाऱ्या भगिनींनी आणि त्यांना सोबत करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिले इंजेक्शन पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घेतले, तर वेगळी काळजी लागत नाही. त्यानंतर घ्यायचे असेल, तर गर्भ नसल्याची खात्री करून घ्यावी आणि पुढचे सात दिवस निरोध वापरावा. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने बाळंतपणानंतर सहा आठवडे झाल्यावर ते घ्यावे.

इंजेक्शनाआधी आरोग्यसेविकेने किंवा डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला हवा आणि जुने आजार विचारायला हवेत. स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला योनीतून रक्तस्राव, खूप वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, यकृताचा गंभीर आजार, मधुमेहामुळे डोळे किंवा मूत्रपिंडावर झालेला परिणाम, मेंदूच्या आवरणाची गाठ, यांपैकी काही असेल तर ते लपवू नये. अशा वेळी दुसरे साधन निवडावे लागते. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या बहिणीने तो आधी सांगावा आणि डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

सुई नवी, एकदाच वापरायची असावी. टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये. तसे केल्यास औषध लवकर शोषले जाऊन त्याचा असर कमी दिवस टिकू शकतो. पुढची तारीख कार्डावर लिहून घ्यावी आणि कार्ड स्वतःजवळ ठेवावे. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत पुढचे इंजेक्शन घेता येते. त्याहून उशीर झाला, तर गर्भ नसल्याची खात्री करूनच घ्यावे आणि सात दिवस निरोध वापरावा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या भगिनींनी निघण्याआधी तारीख पाहून पुढच्या इंजेक्शनाची सोय कुठे होईल ते विचारून ठेवावे.

सुरुवातीच्या महिन्यांत पाळी अनियमित होते, मधूनमधून डाग पडतात. पुढे अनेकींची पाळी थांबते. पोटात रक्त साचते, हा गैरसमज आहे. पाळी थांबणे हा औषधाचाच परिणाम असून त्याने अपाय होत नाही. मात्र शेवटचे इंजेक्शन वेळेवर झाले नसेल किंवा गर्भाची शंका असेल, तर तपासणी करावी. काहींचे वजन वाढते, डोके दुखते, मन उदास राहते. हाडांची घनता काहीशी कमी होते आणि इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेक भरून येते. म्हणून किशोरवयीन मुलींनी आणि अनेक वर्षे सलग घेणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांशी याविषयी बोलावे. बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनानंतर साधारण सात ते दहा महिने. लगेच मूल हवे असणाऱ्या जोडप्याने हे आधीच ध्यानात घ्यावे. या इंजेक्शनामुळे कायमचे वंध्यत्व येत नाही.

नेहमीच्या दुप्पट किंवा आठ दिवसांहून जास्त रक्तस्राव, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे, एका पायाला सूज, कावीळ किंवा टोचल्या जागी पू, यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जावे. एचआयव्ही आणि इतर लैंगिक संसर्गांपासून हे इंजेक्शन संरक्षण देत नाही, त्यासाठी निरोधच लागतो.

कार्यकर्त्यांना आवाहन

आम्ही कुणाला इंजेक्शन घ्या किंवा घेऊ नका असे सांगत नाही. गोळ्या, तांबी, निरोध, शस्त्रक्रिया, असे सर्व पर्याय समोर ठेवून बाईने स्वतः निवडावे. नको वाटले तर तिने ते थांबवावे. नवऱ्याने, सासूने किंवा दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याने तिच्या वतीने ठरवू नये. भावांनो, पुरुष नसबंदी ही बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते. संततिनियमनाची सगळी जबाबदारी भगिनींवर टाकून आपण समतेच्या घोषणा देऊ शकत नाही.

रमाई जयंतीला किंवा रविवारच्या वंदनेनंतर विहारात तासभर या विषयाला द्या. गावातल्या आशाताईंना आणि एखाद्या महिला डॉक्टरांना बोलवा, भगिनींना मोकळेपणी प्रश्न विचारू द्या. बाबासाहेब ज्या विषयासाठी न्यायालयात उभे राहिले, त्यावर आपल्या विहारात बोलायला लाज कसली?

जय भीम! नमो बुद्धाय!